घोड्याचा खोकला हटेना : इंजेक्शनच्या आधी दावण बघा

विंचूर (ता. निफाड) : तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि घोडीवाल्यांचे फोन वाजायला लागतात. वरातीच्या तारखा ठरतात, सुपारी घेतली जाते. नेमक्या याच दिवसांत दावणीची घोडी खोकायला लागते. पहिले आठ दिवस मालक म्हणतो, थंडी आहे, जाईल. मग गूळ-हळदीचा काढा होतो. मग मेडिकलवरची गोळी, मग कोणीतरी सांगितलेलं इंजेक्शन. चार दिवस बरं वाटतं, पाचव्या दिवशी पुन्हा तोच ठसका. एक महिना जातो, दोन जातात. घोडी चारा खाते, पाणी पिते, ताप नाही. पण खोकला काही हटत नाही.

विंचूर, लासलगाव, येवला या पट्ट्यात घोडा पाळणाऱ्यांना हे चित्र नवं नाही. गाय-म्हैस आजारली की दूध कमी होतं आणि घरात लगेच कळतं. घोड्याचं तसं नाही. तो कामावर उभा राहतो, म्हणून त्याचा खोकला अंगावर काढला जातो. पुढे धाप लागते, दम टिकत नाही आणि बाजारात नेला तर किंमत निम्म्यावर येते. म्हणून हा विषय नुसता डॉक्टरचा नाही. घरच्या मिळकतीचा आहे आणि काही वेळा माणसाच्या जिवाचाही आहे.

घोड्यांच्या गावात घोडे कमी

विंचूरचं नाव घोडदळाशी जोडलेलं आहे. पेशवाईतले सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर इथले. १७६१ च्या पानिपतच्या लढाईत ते होते. त्यांच्या घराण्याचा भुईकोट आजही विंचुरात आहे. थोरल्या माधवराव पेशव्यांनी येवला विंचूरकरांना दिल्याची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये सापडते. त्याच येवल्यात आजही दसऱ्याच्या आधी घोडेबाजार भरतो. पुढे मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते आणि तिथे लांबलांबून घोडे येतात.

बाजार भरतात, पण घोडे कमी होत चालले आहेत. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टू मिळून सुमारे ६.२५ लाख होते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत ते सुमारे ३.४ लाखांवर आले. सात वर्षांत जवळपास निम्मे घटले. त्यानंतर २०२० च्या टाळेबंदीत वराती बंद झाल्या आणि घोडीवाल्यांना खुराकाचा खर्चही भागवता येईना. ऑक्टोबर २०२४ पासून एकविसावी पशुगणना सुरू झाली.

सरकारनेही या घटीची दखल घेतली. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांचा समावेश केला. या जनावरांच्या व्यवसायासाठी ५० टक्के आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपयांपर्यंत भांडवली अनुदानाची सोय झाली. पण एक-दोन घोड्यांवर घर चालवणाऱ्याला एवढ्या मोठ्या प्रकल्पाचा उपयोग काय, हा प्रश्न उरतोच. त्याची गरज फार साधी आहे. दावणीचं जनावर धडधाकट राहावं आणि आजारलं तर घोड्याची जाण असलेला डॉक्टर वेळेवर मिळावा.

घोडा उगाच खोकत नाही

माणूस धुळीत गेला की लगेच खोकतो. घोड्याचं शरीर वेगळं आहे. त्याला खोकला सहज येत नाही. छातीत बराच बिघाड झाल्यावरच तो खोकायला लागतो. त्यामुळे ‘दिवसातून दोन-चार वेळाच खोकतो’ म्हणून सोडून देणं चुकीचं. कामाला काढताना पहिल्या पाच मिनिटांत खोकला किंवा तोबरा लावल्यावर खोकला, तरी ती दखल घेण्याची गोष्ट आहे.

दुसरं म्हणजे घोडा फक्त नाकाने श्वास घेतो. कुत्र्यासारखं तोंड उघडून तो धापत नाही. म्हणून त्याची खरी तब्येत नाकपुड्यांवर आणि कुशीवर दिसते. निवांत उभा असलेला मोठा घोडा मिनिटाला साधारण ८ ते १६ वेळा श्वास घेतो. कुशीकडे बघून, मोबाइलवर एक मिनिट लावून हे कोणालाही मोजता येतं. सावलीत, आराम झालेला असतानाही आकडा २० च्या वर राहत असेल, नाकपुड्या फुललेल्या असतील, श्वास सोडताना पोट जोर लावत असेल, तर छातीवर ताण आहे हे नक्की. बरेच दिवस असं चाललं की बरगड्यांच्या खालच्या कडेने एक ओळ उठून दिसायला लागते. जोर लावून लावून तिथला स्नायू वाढलेला असतो.

तिसरी गोष्ट ताप. मोठ्या घोड्याचं गुदद्वारात मोजलेलं तापमान साधारण ९९ ते १०१ फॅरनहाइट असतं. साधा डिजिटल थर्मामीटर घरात असला तर खोकल्याचं अर्धं कोडं तिथेच सुटतं. ताप नसलेला जुनाट खोकला एका रस्त्याने जातो आणि तापासोबतचा खोकला दुसऱ्या.

ताप नाही, पण खोकला जुना : बहुतेक वेळा धूळ

महिना-दोन महिने खोकला आहे, ताप नाही, खाणं ठीक आहे, अशा मोठ्या घोड्यात पहिला संशय धुळीवर आणि बुरशीवर घ्यावा लागतो. जुनाट, काळपट पडलेल्या चाऱ्यात बुरशीचे अतिशय बारीक कण असतात. ते श्वासातून खोल जातात, श्वासनलिका सुजतात, आवळतात आणि आत चिकट कफ साठतो. जगभरचे पशुवैद्य याला आता घोड्याचा दमा म्हणतात. हा एकापासून दुसऱ्याला लागत नाही. म्हणूनच शेजारची दुसरी घोडी ठणठणीत असते आणि ही एकटीच खोकत राहते.

निफाड-येवला पट्ट्यात दमा वाढायला लागणारं सगळं आहे. दिवाळीच्या आसपास मका आणि सोयाबीनची मळणी होते, हवेत भुसकट उडत राहतं. तेच भुसकट पोत्यात भरून वर्षभर खाऊ घातलं जातं. कडब्याची गंजी पावसात भिजते, वरून वाळते, आतून बुरसते. कांदाचाळीच्या आडोशाला घोडं बांधलं तर पातीचा आणि पापुद्र्यांचा कचरा, सडक्या कांद्याचा वास आणि ट्रॅक्टरची धूळ दिवसभर नाकात जाते. तीनपाटीसारख्या चौकातला हायवेचा धूर वेगळाच.

त्यात भर पडते आपल्याच काळजीची. निफाडची थंडी राज्यात नावाजलेली. पारा उतरला की मालक जनावराच्या मायेने शेड चारी बाजूंनी बंद करतो, ताडपत्री लावतो, फटी बुजवतो. आत लीद आणि मूत साचतं, त्याचा डोळ्यांना झोंबणारा उग्र वास कोंडतो, वर भुसकटाची धूळ. सकाळी दार उघडल्यावर माणसाचे डोळे चुरचुरत असतील, तर घोड्याने रात्रभर तीच हवा घेतलेली असते. थंडी घोड्याला फारशी बाधत नाही. पाठीवर झूल टाकली तरी पुरते. कोंदट हवा मात्र बाधते. खोकला थंडीत वाढतो हे खरं, पण त्यामागे बऱ्याचदा बंद केलेलं शेड असतं.

इंजेक्शनने चार दिवस आराम का पडतो, याचं उत्तरही इथेच आहे. औषधाने सूज उतरते आणि नळ्या मोकळ्या होतात. पण घोडं पुन्हा त्याच तोबऱ्यात नाक घालतं. कारण तसंच राहिलं की खोकला परत येतो आणि मालकाला वाटतं, औषध हलकं होतं, आता भारी द्या.

घरच्या घरी काय बदलता येतं

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत, सवय बदलावी लागते.

१. चारा भिजवून द्यावा. कडबा-कुट्टी किंवा वाळलेलं गवत अर्धा तास पाण्यात बुडवून, निथळून ओलंच द्यावं. धूळ पाण्यात बसते. ते पाणी पाजू नये, फेकून द्यावं. भिजवलेला चारा उन्हात आंबतो, म्हणून एका वेळी पुरेल एवढाच भिजवावा. मात्र बुरशी लागलेला चारा भिजवून चांगला होत नाही. तो घोड्याला घालूच नये.

२. कोरडा भुसा आणि तोबरा बंद. तोबऱ्यात घोड्याचं नाक धुळीतच राहतं. हरभरा, भरडा, कोंडा पाण्याने ओलसर करून उघड्या घमेल्यात द्यावा. हिरवा घास मिळत असेल तर उत्तम.

३. खाणं जमिनीलगत ठेवावं. घोडा मुळात मान खाली घालून चरणारा. मान खाली गेली की छातीतला कफ आपोआप नाकावाटे उतरतो. उंच गव्हाणीत खाणाऱ्या किंवा आखूड दोरीने तोंड वर करून बांधलेल्या घोड्याचा कफ आतच साठतो.

४. घोडं जास्तीत जास्त वेळ उघड्यावर, झाडाखाली बांधावं. शेडमध्ये ठेवायचंच असेल तर वरच्या बाजूला हवा खेळती हवी. लीद रोज काढावी, ओली जागा कोरडी करावी. झाडलोट आणि चारा हलवणं घोडं बाहेर असतानाच करावं.

५. काम थांबवावं. खोकणाऱ्या घोड्याला वरातीत नाचवणं किंवा शर्यतीला पळवणं म्हणजे सुजलेल्या छातीवर आणखी जोर.

हे सगळं एक दिवस करून फरक दिसत नाही. सुजलेली श्वासनलिका निवायला काही आठवडे जातात. आणि एकदा दमा जडलेलं घोडं पुन्हा धुळीत बांधलं तर त्रास उलटतो. त्यामुळे हा बदल कायमचाच धरावा लागतो.

एक गोष्ट मात्र करू नये. घोड्याचं तोंड वर धरून बाटलीने किंवा नळीने काढा, तेल ओतण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. घोट चुकला की ते थेट फुप्फुसात जातं आणि साध्या खोकल्याचा न्यूमोनिया होतो. यात घोडी दगावूही शकते. मनानेच दिलेली स्टेरॉइडची इंजेक्शनंही धोक्याची. आत जंतुसंसर्ग असेल तर तो बळावतो, शिवाय खुरांना सूज येऊन घोडं लंगडं होण्याची भीती असते.

धूळ नसेल तर?

पंधरा दिवस दावण स्वच्छ ठेवूनही फरक नाही, किंवा सोबत दुसरी लक्षणं आहेत, तर कारण वेगळं असू शकतं.

ताप आहे, जबड्याखाली गाठी सुजल्या आहेत, नाकातून घट्ट पिवळा पू येतो, गिळायला त्रास होतो, तर तो जिवाणूचा घशाचा आजार असू शकतो. तो शिंगरांत जास्त दिसतो आणि एकाच बादलीतून पाणी पाजलं की पसरतो.

अचानक जोराचा ताप, कोरडा खोकला आणि दोन-तीन दिवसांत आजूबाजूचे सगळेच घोडे खोकायला लागले, तर घोड्यांच्या फ्लूचा संशय. देशात १९८७ मध्ये त्याची मोठी साथ आली. जून २००८ मध्ये जम्मूजवळच्या कटऱ्यापासून पुन्हा सुरू झालेली साथ वर्षभरात अनेक राज्यांत पोचली. या आजारात विश्रांती हाच मोठा इलाज. जितके दिवस ताप, तितके आठवडे आराम, असा पशुवैद्यकांचा ढोबळ हिशेब आहे. रेसच्या घोड्यांना याची लस टोचतात. वरातीच्या घोडीपर्यंत ती क्वचितच येते.

घोडं गाढवांसोबत चरत असेल तर फुप्फुसातल्या जंताचाही विचार करावा. हा जंत गाढवाच्या छातीत निवांत राहतो, गाढवाला बहुधा काही होत नाही. तोच घोड्याच्या छातीत गेला की महिनोन्महिने खोकला राहतो. वीटभट्टीवरची गाढवं आणि गावातली घोडी एकाच माळावर चरत असतील तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. जंताचं औषध आहे, पण ते वजन बघून डॉक्टरांनीच द्यावं.

कांद्याच्या गावात आणखी एक सावधगिरी. भाव पडला की कांदा जनावरांपुढे टाकला जातो. कांदा जास्त खाल्ला की घोड्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. घोडं थकतं, धापा टाकतं, लघवी लालसर-काळी होते. मालकाला वाटतं छाती भरली. आजार असतो रक्ताचा. खोकला नाही, पण धाप आहे आणि लघवीचा रंग बदलला आहे, तर कांदा बंद करून लगेच दवाखाना गाठावा.

ज्याचं नाव काढायला लोक घाबरतात

जुनाट खोकल्याच्या मागे एक आजार असा आहे की तो लपवला तर गाव संकटात येतं. त्याचं नाव ग्लँडर्स. नाकातून चिकट, पिवळट, कधी रक्तमिश्रित स्राव येतो, नाकाच्या आत फोड आणि जखमा होतात, पायांवर किंवा अंगावर गाठी उठून फुटतात, घोडं खंगत जातं. काही जनावरांत महिनोन्महिने नुसता खोकला आणि अशक्तपणाच दिसतो. २००६ मध्ये पाचगणी आणि पुण्यातल्या घोड्यांत हा आजार सापडला. त्याआधी काही वर्षं तो देशात दिसला नव्हता.

ग्लँडर्स माणसालाही होतो आणि जिवावर बेतू शकतो. म्हणून असा संशय असेल तर नाक पुसणं, जखमा धुणं हे उघड्या हातांनी करू नये, मुलांना जवळ जाऊ देऊ नये, घोडं वेगळं बांधावं. यावर लस नाही, आणि बाधित जनावरावर उपचार करण्याची परवानगी नाही. रक्ताची तपासणी होते. हरियाणातील हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र ही त्यासाठी देशातली मुख्य संस्था. अहवाल बाधित आला तर जनावराला वेदनारहित मृत्यू दिला जातो, परिसरातल्या घोडा-गाढवांच्या ने-आणीवर बंदी येते आणि मालकाला भरपाई देण्याची तरतूद आहे.

खरी अडचण इथेच आहे. २००९ च्या जनावरांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्यानुसार अनुसूचीतल्या रोगाचा संशय आला की मालकाने ग्रामपंचायतीला किंवा गावच्या जबाबदार अधिकाऱ्याला कळवणं आणि तिथून पशुवैद्यकाकडे माहिती जाणं बंधनकारक आहे. पण कळवलं तर घोडं जाण्याची भीती, हंगाम बुडण्याची भीती, गावात नाव खराब होण्याची भीती. ज्याच्या घरात एकच घोडी आहे, त्याच्यासाठी भरपाईचा कागद आणि उद्याची सुपारी यांत सुपारी जवळची वाटते. मग खोकणारी घोडी गुपचूप दुसऱ्या तालुक्यातल्या बाजारात विकली जाते आणि आजार असला तर तोही सोबत जातो. एकट्या मालकाला दोष देऊन हे थांबणार नाही. भरपाई वेळेवर आणि बाजारभावाच्या जवळपास मिळाली तरच लोक पुढे येतील.

दिलासा एवढाच की दहातल्या बहुतेक खोकल्यांमागे ग्लँडर्स नसतो. पण ते नजरेने ठरत नाही, तपासणीनेच ठरतं. लवकर दाखवलं तर धूळ असेल तर धुळीवर, जंत असेल तर जंतावर इलाज होतो आणि मालकाची झोपही परत येते.

बाजार आणि यंत्रणा

गावपातळीवरचा पशुवैद्यकीय दवाखाना मुख्यतः गाय, म्हैस, शेळीभोवती चालतो आणि ते साहजिकही आहे, कारण जनावरं त्यांचीच जास्त. घोड्याची छाती दुर्बिणीने तपासणं, कफाचा नमुना घेणं या सोयी मुंबईतल्या परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या ठिकाणी. विंचूरच्या घोडीवाल्याला तिथवर जाणं परवडत नाही. त्याच्या हातात असलेला पहिला मार्ग म्हणजे जवळचा सरकारी दवाखाना आणि १९६२ हा टोल-फ्री क्रमांक. फोन करताना चार गोष्टी तयार ठेवाव्यात : ताप किती, मिनिटाला श्वास किती, खोकला किती दिवसांचा, नाकातून काय येतं. खोकतानाचा आणि कुशीचा एक मिनिटाचा व्हिडिओ मोबाइलवर काढून ठेवला तर डॉक्टरांचं काम निम्मं होतं.

घोडेबाजारांत मात्र सुधारणेला मोठी जागा आहे. शेकडो घोडी एका मैदानात येतात, एकाच हौदावर पाणी पितात, ग्राहक एकाचं तोंड उघडून त्याच हाताने दुसऱ्याचं उघडतो. प्रवेशाच्या ठिकाणी ताप मोजणं, खोकणाऱ्या जनावराला बाजूला जागा देणं, प्रत्येकाने आपली बादली आणणं, हे बाजार समिती, यात्रा समिती आणि ग्रामपंचायतींनी मनावर घेतलं तर फार खर्चाचं नाही. घेणाऱ्यानेही नवं घोडं घरच्या घोड्यांत लगेच मिसळू नये. दोन-तीन आठवडे वेगळं बांधावं, त्याची बादली आणि खरारा वेगळा ठेवावा.

देशपातळीवर याच काळात वेगळी बातमी आहे. मेरठ छावणीतल्या लष्कराच्या अश्व केंद्राला २०२५ मध्ये जागतिक पशु आरोग्य संघटनेने रोगमुक्त विभाग म्हणून मान्यता दिली. भारतातले घोडे परदेशी स्पर्धांना जाण्याचा मार्ग त्यामुळे सोपा झाला. ही काटेकोर व्यवस्था लष्कराने उभी केली. वेगळं बांधणं, तपासणी, स्वच्छ चारा-पाणी हाच तिचा पाया. यातलं थोडं तरी येवल्याच्या बाजारात आणि विंचूरच्या दावणीला आणता येईल.

सध्या घोडीवाल्यासमोरचा हिशेब सरळ आहे. खोकणारी घोडी आज वरातीला नेली तर एका रात्रीचे पैसे मिळतात. ती महिनाभर उघड्यावर, ओल्या चाऱ्यावर ठेवली तर या हंगामातल्या काही तारखा जातात. पण छाती कायमची गेली तर पुढच्या सगळ्याच हंगामांतल्या तारखा जातात. आज संध्याकाळी चारा टाकण्याआधी पाण्याची टाकी भरून घ्यावी आणि उद्या सकाळी दवाखान्यात फोन लावावा.